गडचिंचले ते ऑस्ट्रेलिया: ‘ट्रू क्राइम’ आणि व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये नेमका फरक काय?

१६ एप्रिल २०२०. देशभर लॉकडाऊन. मुंबईहून सुरतला एका अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ अडवले गेले. थोड्याच वेळात जमाव जमला आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांचा जीव गेला.

त्या रात्री काय झालं, हे बहुतेकांना माहीत आहे. पण त्या रात्रीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा एक ‘क्राइम स्टोरी’ फिरत होती, आणि ती खोटी होती.

आधीची गोष्ट अशी: मुलं पळवणारी, किडन्या काढणारी टोळी रात्री फिरते आहे. डहाणू-कासा पट्ट्यात ही अफवा इतकी पसरली होती की गावागावांत रात्रीचे पहारे सुरू झाले होते.

नंतरची गोष्ट घटनेच्या व्हिडिओवरून तयार झाली. त्यात कुणीतरी ‘मार शोएब मार’ म्हणतंय, असा दावा करून हत्येला धार्मिक रंग दिला गेला. फॅक्ट चेक करणाऱ्यांनी ऑडिओ नीट ऐकला, तर शब्द ‘ओय बस’ असे होते. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लीम नसल्याचं सांगितलं.

म्हणजे एका खोट्या गोष्टीने तीन जीव घेतले आणि दुसऱ्या खोट्या गोष्टीने त्या मृत्यूंचा वापर केला.

मग यात ऑस्ट्रेलिया कुठून आलं?

गुन्ह्याची गोष्ट सगळ्यांनाच आवडते. ‘ट्रू क्राइम’ म्हणजे खऱ्या गुन्ह्यावरचं पुस्तक, पॉडकास्ट किंवा मालिका. ऑस्ट्रेलियात सध्या या प्रकारातली आणि क्राइम कादंबऱ्यांचीही पुस्तकं जोरात आहेत. आणि तिथल्या चांगल्या पुस्तकांचा विषय अनेकदा हाच असतो: तपास व्हायच्या आधीच गाव निकाल कसा लावतं.

जेन हार्परची ‘द ड्राय’ ही २०१६ ची कादंबरी घ्या. दुष्काळाने पिचलेलं एक छोटं गाव. एका शेतकऱ्याने बायको आणि मुलाला मारून स्वतःला संपवलं, असं गावाने ठरवून टाकलेलं. त्याचा जुना मित्र, आता पोलीस असलेला, अंत्यविधीला गावी येतो, तर गाव त्याच्याकडेही जुन्या संशयानेच बघतं. पाऊस नाही, पैसा नाही, सगळ्यांच्या मनात भीती. अशा वेळी संशयाला पुरावा लागत नाही.

बोईसर-तारापूरच्या माणसाला हे गाव परकं वाटणार नाही. एका बाजूला अणुऊर्जा प्रकल्प आणि एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला आदिवासी पाडे, आणि मध्ये कुठून कुठून कामाला आलेली माणसं. ‘हा कोण? आपला दिसत नाही’ हा प्रश्न इथेही रोज पडतो.

खऱ्या गुन्ह्याचं पुस्तक कसं लिहितात?

जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिओंगाथा इथे एका घरी जेवायला आलेल्या चौघांना विषारी अळंबी खाऊ घातली गेली. तिघांचा मृत्यू झाला. जेवण देणारी एरिन पॅटरसन जगभर ‘मश्रूम’वाली म्हणून गाजली. सोशल मीडियाने तिचा निकाल पहिल्याच आठवड्यात लावला होता.

कोर्टाला मात्र वेळ लागला. २०२५ मध्ये मॉरवेलच्या कोर्टात अनेक आठवडे खटला चालला आणि ७ जुलैला ज्युरीने तिला दोषी ठरवलं. हेलन गार्नर, क्लोई हूपर आणि सारा क्रास्नोस्टाइन या तीन लेखिका खटला ऐकायला त्या कोर्टात जाऊन बसल्या. त्यातून ‘द मश्रूम टेप्स’ हे पुस्तक आलं. निकाल तोच लागला, मग फरक काय? एवढाच की त्यांनी साक्षी-पुरावे समोरासमोर ऐकले.

चांगला हेतूही अंगाशी येऊ शकतो

‘द टीचर्स पेट’ हा पॉडकास्ट २०१८ मध्ये आला. सिडनीतून १९८२ मध्ये बेपत्ता झालेल्या एका महिलेचं जुनं प्रकरण त्याने पुन्हा उकरून काढलं. त्याच वर्षी तिचा नवरा ख्रिस डॉसन याला अटक झाली आणि २०२२ मध्ये तो खुनात दोषी ठरला.

पण पॉडकास्ट इतका गाजला की निःपक्ष ज्युरी कुठून आणायची, हा प्रश्न उभा राहिला. खटल्याआधी ऑस्ट्रेलियात तो काढून टाकावा लागला आणि शेवटी ज्युरीशिवाय, एकट्या न्यायाधीशांसमोर खटला चालला. ज्या गोष्टीने न्यायाचं दार उघडलं, तिच्याचमुळे ते बंद होण्याची वेळ आली होती.

मग आपण काय बघायचं?

पुढच्या वेळी गुन्ह्याची गोष्ट समोर आली, मग ती पुस्तकातली असो, रीलमधली असो की गावाच्या ग्रुपवरची, तीन गोष्टी तपासा.

१. सांगणारा स्वतः कुठे होता? कोर्टात, घटनास्थळी, की तोही फॉरवर्डच वाचतोय?

२. आरोप आणि सिद्ध झालेला गुन्हा यात तो फरक करतो का? अटक म्हणजे शिक्षा नव्हे.

३. गोष्ट ऐकून तुम्हाला समजतंय जास्त, की राग येतोय जास्त? नुसताच राग येत असेल, तर थांबा.

गडचिंचले प्रकरणात सीआयडीने तपास करून आरोपपत्रं दाखल केली. पुढे राज्य सरकारने तपास सीबीआयकडे द्यायची तयारी सुप्रीम कोर्टात दाखवली. हे सगळं व्हायला महिने आणि वर्षं लागली. अफवेला पाड्यापाड्यांत पोहोचायला मात्र काही दिवस पुरले होते.

पुस्तक चुकलं तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येतं. त्या रात्री रस्त्यावर जमलेल्या लोकांनी खरी मानलेली गोष्ट दुरुस्त करायला कुणालाच वेळ मिळाला नाही.