मावळच्या कातळाआधीचा बर्फ

लोणावळ्याच्या घाटातला काळा कातळ हा थिजलेला लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून तो तयार झाला. कार्ला-भाज्याची लेणी त्यातच कोरली आहेत. हिमनदीचा ओरखडा मावळात शोधून सापडणार नाही.

महाराष्ट्रात मात्र तो आहे. तोही उन्हाळ्यात भाजून काढणाऱ्या चंद्रपूरकडे!

१८७५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी तेव्हाच्या चांद्याजवळ, इरई इथे, घासून गुळगुळीत झालेला चुनखडक नोंदवला. त्यावर समांतर ओरखडे होते. सरकत्या बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड कानशीसारखे खालचा खडक खरवडत जातात, त्यामुळे बर्फाची वाट कोणत्या रेषेत होती हेही त्या ओरखड्यांवरून कळतं. सोबतीला तालचेर नावाच्या थरातले गोटे: लहानमोठे सगळे बारीक गाळात कालवलेले. वाहतं पाणी जड-हलकं निवडून वेगळं टाकतं. बर्फ वितळताना असेल ते जागीच सोडून देतो.

ओडिशातल्या तालचेरचे असेच गोटे पाहून भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ मध्येच बर्फाचं नाव घेतलं होतं. उष्ण देशात बर्फ, हे त्या काळी किती धाडसाचं! सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवापासून फार दूर नव्हता, हा उलगडा पुढे झाला.

तालचेर थरांच्या वर विदर्भातला कोळसा आहे. बर्फ हटल्यावर दलदलीत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची रानं माजली, त्यांचा तो कोळसा. मावळचा कातळ त्यानंतर वीस कोटींहून अधिक वर्षांनी आला.