भिंती नसलेला तुरुंग

तुरुंग म्हटला की उंच दगडी भिंत, लोखंडी गज आणि दारावरचा बंदूकधारी शिपाई डोळ्यांपुढे उभा राहतो. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ मात्र असा एक तुरुंग आहे, की ज्याला भिंतच नाही. तेथे शेते आहेत, विहीर आहे, लहान घरे आहेत, अंगणांत खेळणारी मुले आहेत. या वस्तीचे नाव स्वतंत्रपूर. बंदिवानांच्या वस्तीला असे नाव देणाऱ्यांच्या मनात काय असेल बरे?

त्यासाठी औंध संस्थानाची थोडी माहिती हवी. अवघ्या 72 गावांचे हे संस्थान एकसंध नव्हते. त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते आणि आटपाडी हा त्यांपैकीच एक. संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध होते. 1939 साली त्यांनी स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना अमलात आणली. ती तयार करताना महात्मा गांधींचा सल्ला घेण्यात आला होता. राजाने आपण होऊन राज्य सोडावे ही गोष्ट त्या काळी लोकांना स्वप्नवत वाटली असल्यास नवल नाही.

या कामी राजेसाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांना एका परदेशी माणसाची साथ लाभली. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधील ज्यू इंजिनिअर. म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्यात काम करण्यासाठी ते बंगळूरला आले, पुढे भगवी वस्त्रे धारण करून भारतानंद झाले आणि औंधात येऊन राहिले. ज्याला आपण कोंडून ठेवतो, त्यालाच मोकळे सोडून कामाला लावले तर काय होईल, असा विचार त्यांनी मांडला. आटपाडीजवळची शेतवसाहत 1939 साली उभी राहिली ती या विचारातून.

औंधच्या भूमीला हा विचार अगदीच अनोळखी नव्हता. 1910 साली याच संस्थानाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपला कारखाना व वसाहत वसवली, तेव्हा तुरुंगाची हवा खाऊन आलेल्या माणसांवरच त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपवले होते. ज्यांची भीती बाळगायची त्यांच्याच हाती किल्ल्या देणे, हा शहाणपणा की वेडेपणा, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. कारखाना मात्र वाढत गेला.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, धसई या भागांत मृग लागला की आभाळ कोसळू लागते आणि भाताची खाचरे तुडुंब भरतात. आटपाडीचा माणदेश याच्या अगदी उलट. तेथे पाऊस कृपण, जमीन खडकाळ, नदी उन्हाळ्यात कोरडी. अशा ठिकाणी पीक काढायचे म्हणजे दगड वेचावे लागतात, बांध घालावे लागतात, विहिरीचे पाणी जपून द्यावे लागते. एक दिवस आळस केला तरी रोपे माना टाकतात. खून किंवा मारामारी करून शिक्षा भोगणाऱ्या माणसाच्या हाती येथे कुदळ आली, आणि कुदळ हेही एक शस्त्रच आहे, हे विसरता कामा नये. ती त्याच्या हाती देणाऱ्यांनी मोठे धाडस केले होते.

येथे कोणासही आणत नाहीत. लांब मुदतीची शिक्षा झालेल्या, मोठ्या तुरुंगात चांगले वागलेल्या आणि कष्टाचे काम झेपणाऱ्या कैद्यांतून निवड होते. काही गुन्ह्यांतील कैद्यांना ही सवलत मिळत नाही. निवड झालेल्यास बायकामुलांसह राहता येते. सकाळ-संध्याकाळ हजेरी होते, दिवसभर शेतात राबावे लागते, त्याची मजुरी मिळते आणि शिक्षेतही सूट मिळते. पळून जाणे सोपे आहे. परंतु जो पळतो तो पकडला गेल्यावर पुन्हा भिंतींच्या आत जातो आणि मिळवलेली सूटही गमावून बसतो. शिवाय पळणाऱ्याला घरातील माणसांना मागे टाकून जावे लागते. हे बंधन साखळदंडाहून बळकट असते.

कैद्याच्या मुलाचा विचार केला म्हणजे या योजनेचे मोल अधिक कळते. बाप दूर तुरुंगात असला तर त्या मुलाला चारचौघांत मान वर करता येत नाही आणि बापाचा चेहराही हळूहळू आठवेनासा होतो. स्वतंत्रपुरात ते मूल बापाच्या मांडीवर बसून जेवते.

वाट चुकलेल्या मुलांसाठीही जगात अशी शेते उभारण्यात आली. फ्रान्समध्ये मेत्रे येथे एका न्यायाधीशाने 1839 साली मुलांसाठी बिनभिंतीची शेतवसाहत काढली. आपल्या मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीने 1857 साली त्यांच्या नावाची उद्योगशाळा सुरू झाली. ती शहरातली, म्हणून तेथे नांगराऐवजी हातोडा व करवत. ज्या वर्षी स्वतंत्रपूर वसले त्याच वर्षी अमेरिकेतील टेक्सास राज्यात कॅल फार्ले या कुस्तीगिराने मुलांसाठी गुरांच्या कुरणावर निवासी वसाहत उघडली. परंतु भिंत नसली म्हणजे दया असतेच असे नाही. मेत्रेची शिस्त पुढे फार क्रूर झाली आणि ती वसाहत बंद पडली. टेक्सासमधील काही मुलांनीही मोठेपणी, एकविसाव्या शतकात, आपणांस तेथे झालेल्या मारहाणीची हकीकत जगापुढे मांडली. भारतात 2015 च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलास तुरुंगात ठेवता येत नाही.

स्वतंत्रपूरची कीर्ती दूरवर नेली ती चित्रपटाने. आटपाडी तालुक्यातील माडगुळे गावचे कवी ग. दि. माडगूळकर यांनी या वसाहतीवरून पटकथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट काढला. सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा एक जेलर, एवढीच त्याची कथा. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगाचे चित्रीकरण करताना शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यास मिळाले. 1958 साली बर्लिनच्या महोत्सवातही तो गौरवला गेला.

1948 मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तरी वसाहत मोडली नाही. ती आज महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. 1968 साली पैठण येथेही खुले कारागृह निघाले, पुण्यात येरवड्यालाही एक आहे. तरीही राज्यातील बहुतेक कैदी अजून उंच भिंतींच्या आडच दिवस काढतात, आणि स्वतंत्रपुरात एका वेळी जेमतेम तिसांच्या आसपास कैद्यांनाच जागा मिळते.