उसाचे मेण आणि रक्तातील मेद

उसाच्या कांड्यावर, विशेषतः पेरांच्या सांध्याजवळ, जो पांढुरका थर दिसतो तो धुळीचा नव्हे, मेणाचा असतो. आतील पाणी उडून जाऊ नये यासाठी वनस्पतीने केलेली ही तजवीज. गाळपानंतर रस स्वच्छ करताना हे मेण गाळात उतरते आणि आपल्याकडील साखर कारखान्यांतून तो गाळ ‘प्रेसमड’ या नावाने खत म्हणून शेतात जातो. क्यूबाने मात्र या मेणातून रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणारे औषध काढल्याचे जगाला सांगितले. त्याचे नाव पोलिकोसॅनॉल.

हे रासायनिक दृष्ट्या अल्कोहोलांचे मिश्रण आहे. तथापि त्यामुळे कोणी दचकण्याचे कारण नाही. मद्यातील अल्कोहोलच्या रेणूत कार्बनचे दोन अणू असतात, तर येथील प्रमुख घटक जो ऑक्टाकोसॅनॉल, त्याच्या साखळीत २८. हवानाच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रात ते सिद्ध झाले आणि १९९१ च्या सुमारास त्या देशात औषध म्हणून मान्य झाले. सोव्हिएत संघ कोसळत होता, साखरेचे हुकमी गिऱ्हाईक नाहीसे होत होते, अमेरिकेची नाकेबंदी कायम होती. अशा वेळी साखरेच्या टाकाऊ गाळातून परकीय चलन मिळवून देणारे औषध निघावे, यात त्या राष्ट्राला वाटणारा अभिमान समजण्यासारखा आहे. क्यूबाचे जीवविज्ञान हे काही थट्टेवारी नेण्याजोगे नव्हे. लसींच्या क्षेत्रात त्या लहानशा देशाने जे केले ते मोठ्या देशांनाही साधलेले नाही.

प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दिपविणारे होते. रोज अवघे १० ते २० मिलिग्रॅम घेतल्यास घातक समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल २१ ते २९ टक्क्यांनी उतरते, म्हणजे त्या काळच्या स्टॅटिन औषधांच्या तोडीचे काम होते, आणि तेही फारशा त्रासावाचून. २००२ साली बर्थोल्ड व गौनी-बर्थोल्ड या जर्मन संशोधकांनी या सर्व प्रयोगांचा आढावा घेऊन अनुकूल मत दिले. मात्र एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. जवळजवळ सारे प्रयोग एकाच गटाने केलेले होते, आणि औषध विकसित करणारेही तेच होते.

पुढे याच संशोधकांनी जर्मनीत स्वतः प्रयोग केला. १४३ रुग्ण घेतले. आरंभी सहा आठवडे सर्वांना पथ्यावर ठेवले, कारण नुसत्या पथ्याने उतरणारे कोलेस्टेरॉल औषधाच्या खात्यावर जमा होऊ नये. नंतर त्यांचे पाच गट पाडले. चार गटांना क्यूबाचेच पोलिकोसॅनॉल १० पासून ८० मिलिग्रॅमपर्यंत चढत्या मात्रेने दिले, पाचव्याला औषधाचा अंशही नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. बारा आठवड्यांनी पाहावे तो पाचही गट सारखेच! मात्रा आठपट केली तरी फरक नाही. हा वृत्तांत २००६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास कॅनडातील प्रयोगानेही तेच सांगितले. गव्हाच्या अंकुरातून काढलेल्या पोलिकोसॅनॉलचा नेदरलँड्समधील अनुभव त्याआधीच असाच आला होता. अनुकूल निबंध नंतरही येत राहिले आहेत, परंतु जर्मन प्रयोगाचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

विक्री अर्थातच थांबली नाही. अनेक देशांत हा माल औषध म्हणून नव्हे, तर ‘नैसर्गिक पूरक आहार’ म्हणून दुकानात येतो आणि औषधाला द्यावी लागणारी परीक्षा चुकवितो. खरा धोका येथे आहे. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. म्हणून निरुपयोगी गोळीचा निरुपयोगही जाणवत नाही. डोकेदुखीची गोळी खोटी निघाली तर तासाभरात कळते. येथे रोहिण्या वर्षानुवर्षे आतून भरत जातात आणि स्टॅटिनने स्नायू दुखतात म्हणून ती परस्पर बंद करून मेणाच्या गोळीवर विसंबलेला मनुष्य निर्धास्त असतो. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन प्रयोगात ४४४४ हृदयरुग्ण होते. सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. एवढे कवच तो मनुष्य आपल्या हाताने उतरवून ठेवत असतो. स्नायूंची तक्रार खरी असेल तर मात्रा कमी करणे, औषध बदलणे हे मार्ग डॉक्टरांपाशी आहेत.

गंमत अशी, की ‘नैसर्गिक’ म्हणावयाचे तर स्टॅटिनचा उगमही बुरशीतच आहे. जपानचे अकिरा एंडो यांनी सुमारे ६००० सूक्ष्मजीव तपासल्यावर क्योटोतील धान्याच्या नमुन्यावर वाढलेल्या बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले. वनस्पतींतही गुण नाही असे कोण म्हणेल? आपल्या घरोघरी पोट साफ होण्यासाठी ठेवलेला इसबगोलाचा भुसा नियमित घेतला तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्क्यांनी उतरते, हे निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या हातांनी तपासून पाहिलेले आहे. तो स्टॅटिनची जागा घेऊ शकत नाही, आणि त्याचा डबा विकणाराही सहसा तसा दावा करीत नाही.