परवलीचा शब्द आणि रखवालदाराचें मौन

हल्लीं बँक, वीजबिल, आगगाडीचें तिकीट हे सारे व्यवहार परवलीच्या शब्दावर, म्हणजे पासवर्डवर, चालतात. तो शब्द चोरण्याची एक युक्ति म्हणजे 'फिशिंग'. खऱ्या वेबसाईटची हुबेहूब नक्कल उभारावयाची आणि 'आपलें खातें बंद होत आहे' असा निरोप धाडून घाबरलेल्या माणसास तेथें न्यावयाचें. डोळा येथें सहज फसतो. इ. स. २०१७ सालीं एका संशोधकानें रशियन लिपींतील अक्षरें जुळवून 'ॲपल' कंपनीच्या पत्त्यासारखा पत्ता नोंदवून दाखविला. त्या वेळच्या क्रोम व फायरफॉक्स ब्राउझरांत तो अस्सलच वाटे.

'पासवर्ड मॅनेजर' या साधनाचा खरा उपयोग येथें आहे. लोक त्यास केवळ शब्द लक्षांत ठेवणारा कारकून समजतात. परंतु प्रत्येक शब्द कोणत्या पत्त्यावरचा, हेंही तें टिपून ठेवतें. पान उघडतांच तें रूप पाहत नाहीं, पत्ता ताडून पाहतें. दिसण्यांत सारखीं असलीं तरी रशियन व इंग्रजी अक्षरें त्यास निराळीं. पत्ता जुळला तर तें रकाने भरतें; न जुळला तर गप्प बसतें.

हें मौन मात्र आपणांस ओळखतां आलें पाहिजे. ट्रॉय हंट हे ऑस्ट्रेलियांतील नामांकित संगणकसुरक्षातज्ज्ञ. मार्च २०२५ मध्यें प्रवासानें थकलेले असतां 'मेलचिंप' या सेवेच्या नांवानें आलेल्या निरोपावरून ते खोट्या पानावर गेले. मॅनेजरनें रकाने भरले नाहींत; त्यांनीं शब्द स्वतः भरला, ओटीपीही दिला. लगोलग त्यांच्या यादींतील सुमारें १६,००० पत्ते चोरीस गेले. ही हकीकत त्यांनींच प्रसिद्ध केली, आणि कारणही सांगितलें: कित्येक खऱ्या संस्थाही आपलें पान निराळ्या पत्त्यावर उघडतात, म्हणून या मौनाचें कांहीं वाटेनासें होतें.

आपल्याकडेंही असा प्रसंग येतो. रिझर्व्ह बँकेनें बँकांना आपले पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाचे करण्यास सांगितलें. जुनाच पत्ता टिपलेला असेल, तर खऱ्या बँकेच्या पानावरही साधन गप्प राहील. अशा वेळीं निरोपांतील दुव्यावर विसंबूं नये. पान मिटावें, पासबुकावरून किंवा शाखेंतून नवा पत्ता घ्यावा, तो स्वतः टाइप करावा, शेवट तपासावा, आणि मगच साधनांत त्याची नोंद करावी. तोंवर शब्द हातानें भरूं नये.