नवे इंजिन कसे रुळते?

काशीत दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस, शीतला घाटाला लागून, अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आहे. त्याच्या पायऱ्यांशी नौका उभ्या असतात. काशीतील अनेक नौकांवर वल्ह्यांच्या जोडीला डिझेलची इंजिने आली होती; २०२१ पासून त्यांच्या जागी नैसर्गिक वायूवर चालणारी नवी इंजिने बसविण्यास प्रारंभ झाला. नावाड्याचा चरितार्थ ज्यावर अवलंबून, त्या इंजिनाचे आयुष्य पुष्कळ अंशी पहिल्या काही तासांतच ठरते. ते कसे?

सिलिंडरची आतील भिंत गुळगुळीत दिसते. वस्तुतः तिच्यावर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. त्यांत वंगणतेल टिकून राहते. दट्ट्यावरील कडी या भिंतीवर वरखाली सरकू लागली, की दोन्ही पृष्ठांवरील सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि कडी भिंतीशी घट्ट जुळते. यालाच इंजिन रुळणे म्हणतात.

कडी केवळ स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटत नाही; सिलिंडरमधील वायूचा दाब तिच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. म्हणून नवे इंजिन जपावे या समजुतीने ते तासन्‌तास भाराशिवाय मंद चालविणे ही चूक होय. दाब अपुरा पडल्याने कड्या नीट बसत नाहीत. भिंतीवर तेलाचा चकचकीत थर धरतो. पुढे तेल जळते व निळसर धूर निघतो. उलट, पहिल्याच दिवशी उतारूंनी भरलेली नौका प्रवाहाविरुद्ध पूर्ण वेगाने हाकली, तर घर्षणाने उष्णता वाढते, तेलाचा पापुद्रा तुटतो आणि दट्ट्या जखडून बसण्याचे भय असते. मध्यम भार, बदलता वेग व अधूनमधून विश्रांती हाच योग्य मार्ग होय. झिजलेले धातुकण तेलात उतरत असल्यामुळे पहिले तेल लवकर बदलावे.

नौकेला ब्रेक नसतो. पण घाटामागील रस्त्यांवर धावणाऱ्या दुचाकींच्या डिस्क ब्रेकलाही हाच नियम लागू पडतो. या ब्रेकचे एकस्व इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये मिळविले. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन पॅड दोहोंकडून आवळतात. नवे पॅड चकतीस सर्वत्र टेकत नाहीत. म्हणून मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वेग कमी करण्याची क्रिया अनेकदा करावी व मध्ये चकती निवू द्यावी. तेलाचा थेंबही तिला लागू देऊ नये.

द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये पॅड झिजले तरी अंतर आपोआप राखले जाते. तारेने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकमध्ये मात्र ते हाताने जुळवावे लागते. पॅड चकतीला घासत राहिले तर ती तापते. फार दूर राहिले तर मूठ पूर्ण आवळूनही गाडी थांबत नाही. नवे पॅड बसविल्यावर गाडी हलविण्यापूर्वी मूठ अनेकदा दाबून पाहावी. ती घट्ट लागल्याखेरीज निघू नये.

इंजिनात घर्षण कमी हवे, ब्रेकमध्ये ते अधिक हवे. तरीही दोहोंतील नव्या पृष्ठांना परस्परांशी जुळण्यास अवधी द्यावाच लागतो. ही घटकाभराची सबुरी एकीकडे नावाड्याचे इंजिन वाचविते, दुसरीकडे वाटसरूचा जीव.