इंटरनेटच्या वेगाचा ताळेबंद

प्रत्येक महिन्याची २० तारीख जवळ आली की बीड, गेवराई, माजलगाव, परळी येथील मोंढ्यांत एकच तक्रार ऐकू येते : ‘नेट चालत नाही.’ १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि इंटरनेट हे दुकानात तराजूइतकेच आवश्यक झाले. जीएसटीआर-३बी विवरणपत्रास विलंब झाल्यास दररोज ५० रुपये शुल्क आणि थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. त्यामुळे अनेक व्यापारी बंधू घाईने अधिक महाग प्लॅन घेतात. तत्पूर्वी वेगाची गळती कोठे होते, हे पाहणे हिताचे.

प्रथम एकक समजून घ्यावे. प्लॅनमधील वेग मेगाबिटमध्ये, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये सांगतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात. ५०० मेगाबाइटच्या फाइलला किमान ४० सेकंद लागणारच.

नंतर मोजणी. इतर उपकरणे बंद ठेवून संगणक केबलने राउटरला जोडावा आणि सकाळ-संध्याकाळ वेग मोजून वहीत नोंदवावा. केबलवरही वेग कमी असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा. ही नोंद दाखवून सेवा देणाऱ्याकडे तक्रार करावी. केबलवर वेग पुरेसा आणि वाय-फायवर निम्मा असेल, तर गळती आपल्याच घरात आहे.

पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये दगडी भिंती, ही आपल्या जुन्या पेठांची रचना. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतीपलीकडे पोहोचतो, परंतु तेथे शेजाऱ्यांच्या राउटरचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण जवळपुरताच. हिशेबाचा संगणक शक्यतो केबलवर, जवळचे मोबाइल ५ वर आणि दूरचे २.४ वर ठेवावेत. २.४ साठी राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनल निवडावा. राउटर लोखंडी कपाटामागे न ठेवता मोकळ्या, उंच जागी ठेवावा.

विंडोजमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही सुविधा असते. ती चालू असल्यास आपल्या जोडणीवरून इतरांच्या संगणकांना अपडेट पुरविले जाऊ शकतात. ती बंद करता येते. अपडेटच्या डाउनलोडवर मर्यादाही तेथेच घालता येते. दुकानातील कॅमेऱ्यांचे चित्रण सतत इंटरनेटवर साठविले जात असेल, तर तोही मोठा खर्च समजावा.

डीएनएस बदलल्याने वेग दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता शोधणारी सूची. ती बदलल्याने पान उघडण्यास क्वचित थोडा कमी वेळ लागेल. फाइल उतरण्याचा वेग सहसा वाढत नाही.

बँकेतील शिस्त येथेही उपयोगी पडते. जुने सेटिंग लिहून ठेवावे, एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. वेगासाठी अँटिव्हायरस वा फायरवॉल कधीही बंद करू नये. संगणकात आपली खातेवही असते. राउटरचा मूळ पासवर्डही अवश्य बदलावा.

हे सर्व करूनही अखेरच्या दिवशी पोर्टलवर होणारी गर्दी आपल्या हाती नसते. विवरणपत्र चार दिवस आधी भरणे मात्र आपल्या हाती आहे.