लिंबूटिंबू ठरवतो कोण?

१९ नोव्हेंबर २०२२ रोजी कार्डिफमध्ये जॉर्जियाच्या रग्बी संघाने वेल्सला वेल्सच्याच घरी १३-१२ असे हरवले. त्याच वर्षी जुलैमध्ये काळ्या समुद्राकाठच्या बातुमी शहरात त्यांनी इटलीला २८-१९ अशी धूळ चारली होती. वेल्स आणि इटली हे दोघेही युरोपातल्या सर्वांत मानाच्या ‘सिक्स नेशन्स’ स्पर्धेतले; इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड आणि स्कॉटलंड हे उरलेले चार. पाच महिन्यांच्या आत सहांपैकी दोघांना लोळवणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत जागा मिळायला हवी, असे कुणालाही वाटेल. तशी ती मिळाली नाही, आणि ती नाकारण्यासाठी कुणाला बैठकही घ्यावी लागली नाही. कारण या स्पर्धेला वर चढण्याची पायरीच नाही. शेवटचा आलेला संघ बाहेर जात नाही आणि बाहेरचा कितीही जिंकला तरी आत येत नाही. रग्बीतले दुबळे संघ दुबळे का राहतात, याचे उत्तर खेळाडूंच्या अंगातल्या ताकदीपेक्षा या रचनेत जास्त सापडते, असे माझे मत आहे. आणि ते तपासायला जॉर्जियाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

आधी या खेळाचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. पंधरा-पंधरा जणांच्या या खेळात चेंडू हाताने फक्त मागे टाकता येतो. पुढे न्यायचा तर घेऊन पळायचे किंवा लाथाडायचे. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’, त्याचे पाच गुण. त्यानंतरची किक साधली तर आणखी दोन. पेनल्टीची किक तीन गुणांची. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटे बचाव करायचा आणि एका चुकीवर गोल मारून निघून जायचे, हे दुबळ्या संघाला जमू शकते. रग्बीत गुण सारखे होत राहतात, टक्कर ऐंशी मिनिटे चालते आणि दमलेला संघ शेवटच्या वीस मिनिटांत उघडा पडतो. १९९५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असे चिरडले होते; अशी गुणसंख्या फुटबॉलमध्ये ऐकायलाही मिळणार नाही. म्हणूनच २०१५ मध्ये ब्रायटनला त्याच जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे हरवले तेव्हा रग्बीचे जग हादरले. इथे नशिबाला वाव कमी असतो. लहान संघ जिंकतो तेव्हा तो बहुतेक वेळा त्या दिवशी खरोखरच सरस असतो, आणि त्यामुळे अशा विजयाला पुरावा म्हणून अधिक वजन आहे.

आता जॉर्जिया. अमेरिकेतले राज्य नव्हे, कॉकेशस पर्वताच्या कुशीतला सुमारे ३७ लाख वस्तीचा देश. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांत सापडलेल्या राणी केतेवानच्या अस्थी भारताने २०२१ मध्ये ज्याच्या स्वाधीन केल्या, तोच हा देश. तिथे ‘लेलो’ नावाचा फार जुना लोकखेळ आहे. गुरिया प्रांतातल्या शुखुती गावात ईस्टरच्या दिवशी अख्खे गाव दोन बाजूंना विभागले जाते आणि सुमारे सोळा किलोचा चेंडू आपल्या बाजूच्या ओढ्यापर्यंत रेटत नेते. राष्ट्रीय रग्बी संघाचे टोपणनावही त्यावरूनच पडले आहे. त्यामुळे ‘रग्बी त्यांच्या रक्तातच आहे’ असे लिहिण्याचा मोह क्रीडापत्रकारांना आवरत नाही. मला हे स्पष्टीकरण आळशी वाटते. आधुनिक रग्बी तिथे पोचली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस, जाक हास्पेकियान या फ्रान्सहून आलेल्या माणसामुळे. सोव्हिएत संघ फुटल्यावर देशात यादवी झाली, वीज नव्हती, पैसा नव्हता. स्क्रमच्या सरावाचे यंत्र घेणे परवडत नाही म्हणून जुन्या सोव्हिएत ट्रॅक्टरला रेटून सराव केल्याच्या हकिगती प्रसिद्ध आहेत. स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना ढकलतात तो प्रकार. ही झटापट जॉर्जियाची खासियत झाली, आणि फ्रान्सच्या व्यावसायिक क्लबांनी तिथले दणकट पुढचे गडी भराभर उचलले.

२००३ मध्ये जॉर्जिया पहिल्यांदा विश्वचषकात उतरला आणि इंग्लंडकडून ८४-६ असा हरला. २००७ मध्ये बोर्दोला आयर्लंडला त्यांच्याविरुद्ध १४-१० असे कसेबसे जिंकता आले. २०१५ मध्ये त्यांनी टोंगा आणि नामिबियाला हरवले, गटात तिसरा क्रमांक मिळवला आणि त्याच बळावर पुढच्या विश्वचषकाची थेट पात्रता घेतली. युरोपच्या दुसऱ्या फळीची स्पर्धा तर त्यांनी २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षे जिंकली. एवढे होऊनही पहिल्या फळीतला संघ सामना खेळायला तिबिलिसीत आला तो २०१९ मध्ये. तो स्कॉटलंड होता. पहिल्या विश्वचषकानंतर सोळा वर्षांनी आलेला हा पाहुणा ४४-१० असा जिंकून गेला, हेही सांगायला हवे.

विश्वचषकाचे वेळापत्रकही डोळ्यांखालून घालावे. २०११ मध्ये जॉर्जियाने १४ सप्टेंबरला स्कॉटलंडशी टक्कर घेतली आणि चारच दिवसांनी त्यांच्यापुढे इंग्लंड उभा होता. तो इंग्लंड आठ दिवसांच्या विश्रांतीनंतर खेळत होता. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला हरवणाऱ्या जपानला स्कॉटलंडविरुद्ध चौथ्या दिवशी उतरावे लागले आणि ते ४५-१० असे हरले. हा निव्वळ योगायोग नव्हता. बड्या संघांचे सामने दूरचित्रवाणीच्या सोयीने शनिवार-रविवारी लावायचे आणि मधले वार छोट्यांनी भरायचे, असा तो हिशेब होता. पुढे आयोजकांना तो स्वतःलाच पटेनासा झाला असावा, कारण २०२३ ची स्पर्धा आठवडाभर लांबवून प्रत्येक संघाला किमान पाच दिवसांची विश्रांती दिली गेली. दुबळेपणाचा काही भाग वेळापत्रक बनवणाऱ्यांनी घडवला होता, याची ही एक प्रकारे कबुलीच म्हणायची.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जॉर्जियाला आत घेतले तर ते सपाटून मार खातील. या आक्षेपाला आधार आहे. २०२० मध्ये जपानच्या जागी त्यांना एका शरद ऋतूतल्या स्पर्धेत बोलावले गेले, तेव्हा ते इंग्लंडकडून ४०-० आणि वेल्सकडून १८-० असे हरले. २०२३ च्या विश्वचषकात त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. पोर्तुगालशी १८-१८ अशी बरोबरी झाली. त्यांचा खेळ एकांगी आहे: पुढचे गडी पहाडासारखे, पण चेंडू बाहेर फिरवून पळण्यात ते कमी पडतात. पण हा एकांगीपणा आला कुठून? रोमानिया किंवा स्पेनला हरवायला बहुतेकदा स्क्रम पुरतो. वर्षानुवर्षे त्याच पातळीवर खेळणाऱ्या संघाला दुसरे हत्यार परजण्याची गरज पडत नाही, आणि मग चार वर्षांतून एकदा ऑस्ट्रेलिया समोर आला की ते हत्यार हाताशी नसते. आत येण्याची पात्रता म्हणून जे मागितले जाते, ते आत आल्याशिवाय मिळतच नाही.

अर्जेंटिनाचा अनुभव याला दुजोरा देतो. २००७ च्या विश्वचषकात यजमान फ्रान्सला दोनदा हरवून ते तिसरे आले, तरी दक्षिण गोलार्धातल्या मोठ्या स्पर्धेत त्यांना जागा मिळाली ती २०१२ मध्ये. पहिल्या दोन वर्षांत त्यांना तिथे एकही विजय मिळाला नाही. पहिला विजय २०१४ चा, ऑस्ट्रेलियाविरुद्ध मेंदोसामध्ये. पुढच्याच वर्षी ते विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत होते आणि २०२० मध्ये त्यांनी न्यूझीलंडला पहिल्यांदा हरवले. इटलीचे उदाहरण जॉर्जियाच्या विरोधकांना फार आवडते. २००० मध्ये सिक्स नेशन्समध्ये आलेला इटली २०१५ ते २०२२ दरम्यान तिथे सलग ३६ सामने हरला. मग आणखी एक तसाच कशाला, असे ते विचारतात. पण त्या ३६ पराभवांनंतरही इटलीला कुणी बाहेर काढले नाही, आणि २०२४ मध्ये त्यांनी स्कॉटलंड व वेल्सला हरवून फ्रान्सशी बरोबरी केली. जॉर्जियालाही त्यांनी २०१८ आणि २०२४ मध्ये नमवले आहे. इटलीला जो धीर दाखवला गेला त्याचे फळ मिळाले, हे मान्य केले तर तोच धीर दुसऱ्याला का नाही, याचे उत्तर द्यावे लागते. शिवाय आतल्यांना मार पडत नाही असे थोडेच आहे! २०२३ मध्ये न्यूझीलंडने याच इटलीला ९६-१७ असे धुतले.

आपल्याला हे अपरिचित वाटायचे कारण नाही. भारताला कसोटी क्रिकेटमध्ये जागा मिळाली १९३२ मध्ये आणि पहिला विजय मिळाला १९५२ मध्ये, मद्रासला, सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंच्या नेतृत्वाखाली. तो भारताचा पंचविसावा कसोटी सामना होता. न्यूझीलंडला तर पहिल्या विजयासाठी सव्वीस वर्षे थांबावे लागले. निकाल पाहून बाहेर काढायचे ठरवले असते तर दोघांचेही क्रिकेट तिथेच खुंटले असते. आज मात्र क्रिकेटच्या टेबलावर आपण यजमानाच्या खुर्चीत आहोत आणि एकदिवसीय विश्वचषक दहाच संघांचा झाला तेव्हा आपल्याकडे फारशी हळहळ ऐकू आली नाही, हेही विसरू नये.

पैशांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. सिक्स नेशन्स ही सहा संघटनांच्या मालकीची स्पर्धा आहे; २०२१ मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने तिचा सुमारे सातवा हिस्सा ३६ कोटी ५० लाख पौंडांपर्यंतच्या किमतीला घेतला. जॉर्जियाची लोकसंख्या वेल्सपेक्षा जास्त असली तरी तिथली दूरचित्रवाणीची बाजारपेठ लहान आहे, आणि एक वर्ष बाहेर गेले तर स्कॉटलंड किंवा वेल्सच्या संघटनेचे दिवाळे वाजेल ही भीती खोटी नाही. आपल्या मालकीच्या स्पर्धेत कुणाला बोलवायचे हा त्यांचा हक्क आहे, हेही मी मान्य करतो. अडचण अशी की हेच मालक जागतिक संघटनेतही बसतात. २०२० मध्ये तिच्या अध्यक्षपदासाठी बिल ब्यूमाँट यांनी अगुस्तिन पिचोट यांना २८-२३ असे हरवले तेव्हा एकूण मते ५१ होती. त्यांपैकी ३० मते दहा संघटनांकडे, प्रत्येकी तीन. त्या दहांत सिक्स नेशन्सचे सहाही सभासद होते. जॉर्जियाकडे एक मत होते. खासगी स्पर्धेचा मालक आणि खेळाचा विश्वस्त या दोन भूमिका एकाच माणसाकडे असल्या की पहिलीचे हित दुसरीला गिळते.

मधला मार्ग नाही असेही नाही. तळाचा संघ आणि बाहेरचा विजेता यांच्यात दरवर्षी एक सामना, तोही तळाच्या संघाच्या घरच्या मैदानावर, आणि हरल्यास दोन-तीन वर्षे आर्थिक भरपाई, असे करता येईल. २०२६ पासून सुरू होणाऱ्या ‘नेशन्स चॅम्पियनशिप’मध्ये सिक्स नेशन्सचे सहा आणि दक्षिणेतले चार यांच्या जोडीला जपान आणि फिजी आहेत. या जपानला जॉर्जियाने २०२४ मध्ये सेंडाईत २५-२३ असे हरवले होते. जॉर्जिया मात्र खालच्या गटात आहे. सुरुवातीची काही वर्षे बढती-गच्छंती होणार नाही. नंतर ती खरोखर सुरू होते का, हे ज्यांची गच्छंती होऊ शकते त्या संघटनांच्याच मतांवर बरेचसे अवलंबून राहील.